एकास अठ्ठेचाळीस

सोसायटीतल्या पोरांनी दिवाळीत किल्ला केला की या माणसाला परीक्षक म्हणून बोलावण्याची चूक कुठलीही कमिटी एकदाच करते. मातीचा डोंगर, त्यावर पेरलेले अळीव, पुठ्ठ्याचे बुरूज, सिंहासनावर महाराज, गुहेच्या तोंडाशी वाघ. बाकीचे परीक्षक ‘वा, वा’ म्हणून चकलीकडे वळलेले असतात. हा उकिडवा बसतो, खिशातून पोलादी पट्टी काढतो आणि दरवाजातल्या मावळ्याची उंची घेतो.

“मावळा सात सेंटीमीटर. म्हणजे एकास चोवीस धरू. दरवाजा पाच सेंटीमीटर. आता हा आत जाणार कसा?”

पोरं एकमेकांकडे बघतात.

“आणि वाघ अठरा सेंटीमीटर. शेपूट सोडून चौदा फुटी वाघ सह्याद्रीत कुणी पाहिलाय?”

“काका, तो दुसऱ्या सेटमधला आहे,” एक धीट पोरगा म्हणतो.

“हेच! हेच तर मी म्हणतोय!”

असा माणूस पुण्यात आहे, ठाण्यात आहे, डोंबिवलीत तर असणारच. पण मी ज्याच्या शेजारी राहतो तो नाशिकचा, आणि नाशिकच्या या माणसाला एक जास्तीचं निमित्त आहे. जवळच ओझर, तिथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, म्हणजे एचएएलचा कारखाना आणि त्या कारखान्यात बनलेलं मिग-21 हे लढाऊ विमान. याच्या लहानपणी शाळेवरून विमान गेलं की मास्तर वाक्य अर्ध्यात थांबवायचे आणि आवाज विरल्यावर पुढे सुरू करायचे. त्या थांबलेल्या वेळात याने जे खिडकीबाहेर बघितलं ते आजतागायत बघतोच आहे. मधल्या काळात बँकेत नोकरी, लग्न आणि एक मुलगी हे सगळं पार पडलं.

घरात तो स्वतः जोडलेल्या मिगच्या मॉडेलांना हवाई दलाच्या नावांनीच हाक मारतो. एफएल म्हणजे टाइप 77, एम म्हणजे टाइप 96, बिस म्हणजे टाइप 75. वहिनींनाही आता सवय झाली आहे. “सत्त्याहत्तर फ्रीजवर आहे, शहाण्णव देवघरावरच्या फळीवर, आणि पंचाहत्तर मी हलवलेलं नाही,” असं त्या स्वयंपाकघरातून सांगतात. नवख्या पाहुण्याला वाटतं, लॉटरीचं दुकान आहे.

तुम्हाआम्हाला ही तिन्ही विमानं सारखीच दिसतात. नाकाशी भोक, मागे शेपूट, मध्ये त्रिकोणी पंख. एकदा मी तसं बोललो. तो रागावला नाही, त्याला माझी दया आली. “नाकावरची नळी बघ,” तो म्हणाला. हवेचा वेग मोजणारी पिटो नळी, मिगच्या नाकावरून भाल्यासारखी पुढे आलेली असते. “एफएलची बरोब्बर मध्यावर. एम आणि बिसची थोडी उजवीकडे. वैमानिकाच्या उजवीकडे, तुझ्या नव्हे.” तेव्हापासून मला मिगचं कुठलंही चित्र दिसलं की मी आधी नळी बघतो. हा रोग संसर्गजन्य आहे.

ही नळी मॉडेलवाल्याच्या आयुष्यातलं कायमचं दुखणं. प्लॅस्टिकची असली तर पडद्याच्या वाऱ्यानेसुद्धा मोडते, म्हणून त्याने पोलंडहून खराखुरा पितळी दाभणाएवढा तुकडा मागवला. आता नळी मोडत नाही, बोटात घुसते. धनुर्वाताचं इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांनी “काय लागलं?” असं विचारलं तेव्हा “मिग-21” हे उत्तर त्याने ज्या अभिमानाने दिलं, तो अभिमान मी त्याच्या बढतीच्या दिवशीही पाहिला नव्हता.

त्याचं आवडतं प्रमाण एकास अठ्ठेचाळीस. खऱ्या मिगच्या पंखांचा विस्तार सव्वासात मीटरला थोडा कमी, त्यामुळे याचं मिग रुंदीला वीतभरही भरत नाही. एकास बहात्तरवाल्यांशी त्याचं वरवर सख्य आहे, आत तेढ. पण लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून कुणी ‘छंद’ म्हणताना जरा हसलं, तर हीच बहात्तरची गोष्ट तो मदतीला घेतो. एक इंच म्हणजे सहा फूट असा तो हिशेब. 1936 साली इंग्लंडात फ्रॉग पेंग्विन नावाने प्लॅस्टिकची पहिली किट निघाली ती याच प्रमाणात. मग महायुद्ध आलं आणि टेहळणीवरच्या माणसांना आपलं विमान कुठलं, शत्रूचं कुठलं हे ओळखायला शिकवण्यासाठी याच मापाची काळी मॉडेलं वापरली गेली. “म्हणजे बघा,” तो जिलेबी हातात धरून म्हणतो, “चुकीचं मॉडेल केलं असतं तर आपलंच विमान पाडलं असतं.” वाढपी तोवर मठ्ठा घेऊन पुढे गेलेला असतो.

प्रमाणाचा हा हिशेब त्याला स्वस्थ बसू देत नाही. एखाद्या किटवर पत्र्यांच्या जोडाची रेघ अर्धा मिलिमीटर रुंद असली की तो लगेच गुणाकार करतो. अर्धा गुणिले अठ्ठेचाळीस, म्हणजे खऱ्या विमानावर चोवीस मिलिमीटरचा चर. “यात मेथी पेरता येईल!” मग सगळी रेघ लांबी भरून बुजवायची, पॉलिशपेपरने घासायची आणि सुईने नव्याने कोरायची. एवढा काटेकोर माणूस ज्या घरात राहतो त्या घराच्या मांडणीची फळी मात्र एका बाजूला इतकी कलली आहे की डबे आपोआप गॅसकडे सरकत येतात. वहिनी फळीबद्दल बोलल्या की तो मिगच्या पंखांबद्दल बोलतो. मिगचे पंख टोकांकडे दोन अंशांनी खाली झुकलेले असतात. ते दोन अंश साधायला त्याने पुठ्ठ्याचा साचा कापला, कंपासपेटीतला कोनमापक लावला आणि गोंद वाळेपर्यंत रात्रभर पंखा बंद ठेवला. मे महिना होता.

साहित्याची खरेदी हा स्वतंत्र तमाशा आहे. नखं घासायच्या कानशी, चकाकी आणणारी चौकोनी वडी, बारीक ब्रश, हे सगळं सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात स्वस्त मिळतं हा त्याचा शोध. पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला हा गृहस्थ काउंटरवर उभा राहून आयशॅडोच्या डब्या एकेक उघडून उजेडात धरतो.

“वहिनींसाठी का?” दुकानदार अदबीने विचारतो.

“नाही, मलाच हवंय. जरा काजळी धरल्यासारखा रंग दाखवा. मागच्या बाजूला लावायचाय.”

मागची बाजू म्हणजे इंजिनाची, हे सांगायचं राहून जातं. त्या दुकानात वहिनी आता जात नाहीत.

साडीच्या दुकानातला प्रसंग त्यामानाने सात्त्विक. रशियन विमानांचं कॉकपिट आतून एका विशिष्ट हिरवट निळ्या रंगाचं असतं. बाटलीतला रंग कधी जास्त निळा निघतो, कधी जास्त हिरवा. पुतणीच्या लग्नाच्या खरेदीत वहिनींनी एक साडी बाजूला सारली आणि हा ओरडला, “थांब! तीच!” तीस वर्षांत नवऱ्याने प्रथमच साडीबद्दल मत दिलं म्हणून वहिनींनी ती घेतली. घरी आल्यावर पदर टेबलावरच्या दिव्याखाली पसरलेला दिसला आणि शेजारी हा, रंगाचे थेंब मोजत.

त्या कॉकपिटात त्याने तांदळाच्या कणीएवढ्या घड्याळांचे काटे रंगवले. मग वरून काच चिकटवली आणि घड्याळं दिसेनाशी झाली.

“आता हे कुणाला दिसणार?” मी विचारलं.

“कुणालाच नाही. म्हणूनच चुकून चालत नाही. दिसणारं असतं तर कुणीतरी सांगितलं असतं.”

जमिनीवर पडलेला भाग शोधणं हे अर्धं काम. घरात मोझेकच्या फरशा आहेत, आणि करड्या प्लॅस्टिकचा कण लपायला मोझेकइतकी उत्तम जागा शत्रूलाही सुचली नसती. तो बॅटरी आडवी धरून पालथा पडतो, शेजारची मांजर येऊन त्याच्या पाठीवर बसते. शेवटी वस्तू सापडते ती केर काढणाऱ्या मावशींना. त्यांनी एक रिकामी विक्सची डबी ठेवली आहे. “दादा, तुमचं चाक सापडलं. आन् ही येक दांडी बी हाय, पर ती तुमची का उदबत्तीची, बगा.” मावशींची नजर त्याच्या भिंगापेक्षा तेज आहे हे तो मोकळेपणाने मान्य करतो, आणि दिवाळीला वहिनींना न सांगता त्यांना वेगळं पाकीट देतो.

26 सप्टेंबर 2025 ला चंडीगडला मिग-21 निवृत्त झालं. 1963 पासूनची सेवा संपली. याने रजा टाकली होती. टीव्हीवर शेवटची सलामी चालू होती आणि त्याचे डोळे भरून वाहत होते. मी खांद्यावर हात ठेवला. “बघितलंस?” तो नाक ओढत म्हणाला. “नळी उजवीकडे. बिस.”

सध्या त्याच्या टेबलावर आहे ते मात्र 1971 चं टाइप 77. या विमानाचं अंग मुळात चकचकीत, बिनरंगी पत्र्याचं. युद्ध तोंडावर आलं तेव्हा ते चकाकणं लपवायला घाईघाईत हिरवे-तपकिरी पट्टे मारले गेले, आणि एका विमानाचे पट्टे दुसऱ्याशी जुळतीलच असं नव्हतं. ती घाई हा गेली दोन वर्षं अतिशय सावकाश रंगवतो आहे. आधाराला एक फोटो. कृष्णधवल. त्यातला हिरवा नेमका कुठला हे त्याला ठाऊक आहे. कसं, ते विचारू नये.

गेल्या महिन्यात मी आगाऊपणा केला. आमच्या पलीकडच्या गल्लीत हवाई दलातून निवृत्त झालेले एक आजोबा राहतात. 71 साली ते तरुण एअरमन होते. त्यांना घेऊन गेलो. आजोबांनी चष्मा पुसला, मिग हातात घेतलं, उलटंपालटं केलं. याने श्वास रोखला होता.

“सुरेख,” आजोबा म्हणाले. “पण एवढं नीट नव्हतं हो. दोन रात्रीत उरकलं. हिरवा संपत आला तेव्हा पातळ केला. हाती येईल त्या ब्रशने फासला.”

“नाही काका,” हा नम्रपणे, पण ठामपणे म्हणाला. “तुम्ही असा फासला नव्हता. तिसरा पट्टा शेपटीपाशी वळतो.” आणि फोटो पुढे केला.

मला वाटलं आता आजोबा उठतील. ते उठले नाहीत. त्यांनी भिंग मागितलं. बराच वेळ फोटोवर वाकून राहिले.

“बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. “पण ही शेपूट माझी नाही. ही आमच्या सरदारजीची. तो वरून खाली ओढायचा. मी आडवा मारायचो. माझा हा, डावा पंख.”

हा खुर्चीतून ताडकन उठला आणि वही घेऊन आला. वहिनींनी चहा दोनदा गरम केला. मी निघालो तेव्हा दोघं सरदारजी उंचीला किती होता, त्याचा हात शेपटीवर कुठवर पोचत असेल आणि त्याला अठ्ठेचाळीसने भागलं तर काय येतं, हे मोजत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॉलिशपेपरचा आवाज आमच्या भिंतीतून ऐकू आला. शेपूट पुन्हा रंगवायला घेतली आहे. आजोबा रोज चारला येतात, आणि परवापासून स्वतःचं भिंग घेऊन येतात.