पाडा मोजा

नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात नंदुरबार जिल्ह्यातले 52 टक्के लोक बहुआयामी गरीब निघाले. राज्याचा आकडा होता 15 च्या आसपास. बातम्या झाल्या, मागासलेपणाचा शिक्का बसला. पण त्या एका आकड्यात शहाद्याच्या सपाटीवरची केळी-पपईची शेती आहे आणि धडगावच्या डोंगरउतारावरचा मकाही. गरीब शहाद्यातही आहेत. मात्र दवाखाना, बाजार, एसटी त्यांच्या आवाक्यात असते. सातपुड्याच्या आतल्या पाड्यावर पाणी नाही, रस्ता नाही, नर्स नाही, आणि शेजारच्या पाड्यावरही तेच. उसनं मागायला तरी कुणाकडे जायचं? अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून डांबरी सडकेपर्यंत आणावं लागतं.

म्हणून गरीब किती, एवढं विचारून भागत नाही. ते कुठे एकवटलेत, हेही मोजायला हवं. संख्याशास्त्रात त्याची रीत जुनीच आहे: प्रत्येक गावाचा आकडा शेजारच्या गावांच्या आकड्यांशी ताडून पाहायचा. वंचित गावांना वंचितच गावं लागून असतील, तर तो पट्टा झाला. तिथे सुट्या योजना पुरत नाहीत. रस्ता, शाळा, आरोग्य केंद्र सगळं एकदमच न्यावं लागतं.

राज्याला हे अजिबात कळत नाही असं नाही. मानव विकास कार्यक्रमाने जिल्ह्याऐवजी तालुका धरला, 2011 पासून 125 तालुके घेतले. मुलींना शाळेत नेणाऱ्या निळ्या बस त्यातूनच आल्या आणि त्या खरोखर उपयोगी पडल्या. पण बस सडकेवरच थांबते. त्यापुढे तालुक्याची सरासरीही जिल्ह्याच्या सरासरीइतकीच फसवी ठरते.

खरी गोम जनगणनेत आहे. ती महसुली गाव मोजते. डोंगरात एका गावाचे अनेक पाडे, एकमेकांपासून कोस-कोस लांब. शाळा एका पाड्यावर असली की नोंद होते ‘गावात शाळा आहे’. बाकीचे पाडे कागदावरून गायब! आणि ही मोजणीसुद्धा 2011 ची. 2021 ची झालीच नाही.

आता 2027 ची येते आहे. तिचे आकडे पाडानिहाय जाहीर करा आणि जिल्हा नियोजन समितीने निधी वाटण्याआधी त्या आकड्यांचा नकाशा भिंतीवर लावावा. ग्रामसभेत बसणाऱ्यांनो, आपल्या पाड्याचं नाव जनगणनेच्या यादीत आहे का, हे आधी विचारा.