मासा : निरंक

पालेगावात थंडी पडली की दोन गोष्टी घडतात. सोसायटीच्या गेटपाशी वॉचमन शेकोटी पेटवतो आणि पहाटे साडेपाचला अण्णा माझ्या दाराची बेल दाबतात. "चला, पाणी बघून येऊ." मासे धरायला जाऊ, असं ते कधीच म्हणत नाहीत. माणूस सच्चा.

अण्णा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून टर्नर म्हणून निवृत्त झाले. सगळी हयात लेथवर गेलेली. इंचाच्या हजाराव्या भागाला ते 'थाऊ' म्हणतात, आणि दोन थाऊ इकडेतिकडे करणारा माणूस त्यांच्या मनातून कायमचा उतरतो. दोन्ही हात फैलावून 'एवढाऽऽ होता!' सांगणाऱ्या गळवाल्यांची तर त्यांना चीडच येते. "एवढा म्हणजे किती? आकडा बोला." खिशात सहा इंची व्हर्निअर असतो. मासा लागला की मोजायला. आजवर त्या व्हर्निअरने सुपारी मोजली, नटबोल्ट मोजले, एकदा माझी लग्नातली अंगठी मोजली. मासा बाकी होता.

दुसरी वस्तू म्हणजे वही. हजेरीपटासारखी आखलेली. तारीख, तिथी, हवा, पाणी, वारा, गढूळपणा, चारा, मासा, शेरा. पहिले सात रकाने ठासून भरलेले, आणि 'मासा'खाली टपोऱ्या अक्षरात 'निरंक'. पान उलटा, निरंक. आणखी उलटा, निरंक. पण हवेचा आकडा दशांशापर्यंत.

हे खूळ पूर्वी साधं होतं. वाढलं ते न्यूझीलंडहून आल्यावर. लेक तिकडे असते. जुलैत गेले, आपला आषाढ, त्यांचा ऐन हिवाळा. जावयाने टाउपो तलाव दाखवला. 616 चौरस किलोमीटर! त्याला येऊन मिळणारी टोंगारीरो नदी. थंडीत तलावातले रेनबो ट्राउट अंडी घालायला नदीत चढतात, आणि माणसं कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात गळ घेऊन उभी राहतात. अण्णाही राहिले, परवाना काढून. तिथला कायदा असा, की ट्राउट विकायचा नाही. दुकानात नाही, हॉटेलात नाही. ज्याला खायचा त्याने धरावा, नाहीतर धरणाऱ्याशी ओळख काढावी. अण्णांना ट्राउटची चव अजून ठाऊक नाही.

तेव्हापासून त्यांचा टाउपो म्हणजे काकोळ्याचा जीआयपी तलाव आणि टोंगारीरो म्हणजे बदलापूरची उल्हास. जीआयपी रेल्वेने आपल्या वाफेच्या इंजिनांना पाणी पाजायला हा तलाव बांधला. आता इंजिनं गेली आणि काकोळ्यालाच रेल नीरच्या बाटल्या भरतात. अण्णा तिथे गळ टाकत नाहीत, फक्त धुक्याकडे बघून 'गढूळपणा'चा रकाना भरतात. वालधुनी नदी काकोळ्याच्याच डोंगरातून निघते, पुढे अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरात शिरते. शके 982च्या त्या देवळाजवळून जाताना अण्णा स्कूटर हळू करतात, हात जोडतात, पण नदीकडे बघत नाहीत. कारखान्यांनी तिचं जे केलं, त्याला वहीत रकाना नाही.

"उल्हासची गोष्ट वेगळी," बदलापूरच्या काठावर थर्मास उघडत अण्णा सांगतात. "ही थंडीत आटत का नाही? टाटा." भिवपुरीचं वीजघर 1922 सालचं. ठोकरवाडी धरणात अडवलेलं पाणी मूळचं आंध्रा नदीचं. तिथून इंद्रायणी, मग भीमा, म्हणजे ते निघालेलं पंढरपूरला. टाटांनी त्याला घाटमाथ्यावर अडवलं, पाइपातून खाली सोडलं, वीज काढून घेतली आणि उरलेलं उल्हासला दिलं. वारीला निघालेलं पाणी कर्जतला उतरलं, ते बदलापूर करत कल्याणला जातं. यात अण्णांची स्वतःची भर अशी : "सकाळी मुंबईकर गिझर लावतात, वीजघर जोरात चालतं, आणि काही तासांनी आपल्याकडे पाणी वीतभर चढतं. चढत्या पाण्यात मासा खातो." मी बऱ्याचदा पाणी चढताना पाहिलं. मासा खाताना पाहिला नाही.

थंडीचं शास्त्र त्यांना पाठ आहे. माशाचं रक्त थंड, पाणी जेवढं तेवढंच त्याचं अंग. पाणी गार झालं की पचन मंदावतं, भूक मरते, रोहू-कटला डोहात खाली जाऊन बसतात. ऊन चढलं, कडेचं उथळ पाणी जरा कोमट झालं, की दुपारकडे ते चरायला वर येतात.

"मग आपण पहाटे का येतो?" मी एकदा विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लेथवर हाताने लाडू वळत होतो. "मासेमारी पहाटेच करतात."

वर मार्गशीर्ष. घरात महालक्ष्मीचे गुरुवार, आणि वहिनींचा नियम कडक, महिनाभर मच्छी उंबऱ्याच्या आत नाही. गळवाल्याच्या घरात एरवी यावरून महाभारत झालं असतं. इथे वहिनी निर्धास्त. "ह्यांचा मार्गशीर्ष बारा महिने असतो," त्या मला चहा देताना म्हणाल्या.

चारा मात्र बघण्यासारखा. शेंगदाण्याची पेंड कुटून, कणकेत कालवून, त्यात ठेचलेला लसूण, बडीशेप आणि तेलाचे चार थेंब. अण्णा ती गोळी अंगठा आणि तर्जनीत फिरवतात, फिरवतात, नाकाशी नेतात, पुन्हा फिरवतात. शेवटी हरभऱ्याएवढी, गुळगुळीत, एका मापाची गोळी गळावर चढते. तंगूस सळसळत जातो, त्यांनी स्वतः तासून केलेला बोया पाण्यावर सरळ उभा राहतो. बाजूच्या पोराचा बोया म्हणजे तुटक्या स्लिपरचा तुकडा. तो बुडत असतो, वर येत असतो, पुन्हा बुडत असतो. अण्णा तिकडे बघत नाहीत. त्यांच्या गळाला आजवर लागलेली एकमेव सजीव वस्तू म्हणजे जलपर्णी. ती भरपूर लागते.

पौषातली गोष्ट. हवा 13.4, पाणी 21, अमावास्या जवळ, वारा उलटा. अण्णांनी निकाल दिला : आज काठावर बसायचं ते केवळ नोंदीसाठी. गळ माझ्या हातात देऊन ते वही लिहायला बसले. 'गढूळपणा'पर्यंत आले असतील नसतील, बोया गप्पकन खाली गेला. मी घाबरून काठी ओढली आणि एक काळपट, काटेरी पाठीचा जीव गवतावर येऊन तडफडू लागला.

अण्णा उठले नाहीत. चष्मा वर करून त्यांनी पाहिलं, इन्स्पेक्शनला आलेला बिघडलेला जॉब पाहावा तसं. "चिलापी."

"लागली की, अण्णा!"

"ती मूळची आफ्रिकेची. 1952 साली आपल्याकडे आणून सोडली, आता डबक्यातही सापडते. तिला ना थंडी कळत, ना तिथी. हिला धरणं म्हणजे मासेमारी नव्हे." आणि त्यांनी लिहिलं. मासा : निरंक. शेरा : चिलापी, 1. ग्राह्य नाही.

मग बराच वेळ ते गप्प होते. पोराच्या स्लिपरकडेसुद्धा एकदा बघितलं. अखेर हात खिशात गेला. "मोजून ठेवू. नोंद म्हणून." व्हर्निअरचे जबडे उघडले, तोंडाला लावले, सरकवत सरकवत शेपटीकडे नेले. जबडा शेवटाला टेकला. शेपटीचं टोक बाहेरच राहिलं. अण्णांनी मासा तिरका धरून पाहिला, सरळ करून पाहिला. टोक बाहेरच. त्यांनी शेऱ्याखाली एक ओळ घातली : मापन अपूर्ण.

मार्गशीर्ष सरलेला होता. वहिनींनी रवा लावून चिलापी तळली. 'काटे फार' म्हणत अण्णांनी मधली तुकडी संपवली आणि माझ्या ताटात मुंडकं ठेवलं.

रात्री फेरी मारून येताना मी शेकोटीशी थांबलो. वॉचमन आणि तिसऱ्या मजल्यावरचे दोघे हात शेकत उभे होते. मध्ये अण्णा. हात मफलरच्या आत, एकही बोट फैलावलेलं नाही.

"केवढा होता, अण्णा?"

"आकडा नाही सांगता येणार," अण्णा म्हणाले. "व्हर्निअरमध्ये मावला नाही."