शेवटच्याच्या पुढचा

आमचा भाऊ सॉफ्टवेअर टेस्टर. कंपनी पुण्यात, खुर्ची नांदगावात, घरच्या पडवीत. पडद्यावर पाच नावांची यादी आली की सरळमार्गी माणूस पाचांतलं एक निवडतो. भाऊ सहावं मागतो. संगणकाची मोजणी शून्यापासून, म्हणजे शेवटचा क्रमांक ४. भाऊ आधी ५ घालतो, मग ९९, मग उणे एक. पगार याचाच.

पण लॅपटॉप मिटला तरी खोड मिटत नाही. नांदगाव तिठ्यावर, देवगडचा रस्ता फुटतो तिथल्या हॉटेलात फळ्यावर भजी, वडा, उसळपाव एवढंच लिहिलेलं. भाऊ विचारणार, "उसळीच्या खाली काय?"

"भिंत आसा. खातलंस?"

मालक खेकसला की भाऊ खूश. जुनं व्हिज्युअल बेसिक असंच होतं, यादीबाहेरचा आकडा दिला की तोंडावर एरर. ब्राउझरमधली यादी रुसते, हातातली निवडही टाकून देते. हेही त्याला चालतं. चालत नाही ते गुपचूप जवळचं काहीतरी गळ्यात मारणारं. दुकानदाराने न विचारता दुसराच साबण पिशवीत टाकला, तर भाऊ अख्खी पिशवी परत करतो.

जावाच्या स्विंगमधली 'जे-लिस्ट' तिसऱ्याच वळणाची. यादीपुढचा आकडा दिला की ऐकलंच नाही असं करते आणि आधीची निवड तशीच ठेवते.

मध्यंतरी आईने स्थळांचे पाच फोटो पुढ्यात मांडले. मीटिंगच्या घाईत भाऊ तिसऱ्यावर बोट ठेवून पळाला. रात्री भानावर येऊन म्हणाला, "आये, सहावा स्थळ दाखव." आई तांदूळ निवडत होती. "बरा, मगे ह्यांतला एकय नको." आई तांदूळच निवडत होती. "माका लगीनच नको!" तेव्हा मात्र सूप आपटलं. सकाळी भटजी हजर.

मी म्हटलं, "मेल्या, आईवर बग घाल."

"बग खयचो? जे-लिस्टीच्या कागदात असाच लिहिलेला आसा. मोठो आकडो, काय करूचा नाय. उणे एक, काय करूचा नाय. उणे दोन दिलंस तर अंगावर येता. निवड पुसूक 'क्लिअर सिलेक्शन' वेगळा सांगूचा लागता."

"मग सांग."

"ता आयेच्या हातात."