मुक्कामाच्या गाडीचा भरवसा

सिंधुदुर्ग विमानतळाचं चिपी ते मुंबई हवाई अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर, वेळ जेमतेम दीड तास. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी तो सुरू झाला, तेव्हा मालवण-वेंगुर्ल्याच्या चाकरमान्यांनी लगेच हिशेब मांडला: सकाळी घरून फोन आला, तर संध्याकाळी आपण आईच्या उशाशी.

ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबईची ती सेवा बंद झाली, कारण ‘उडान’ योजनेतली तीन वर्षांची मुदत संपली होती. धावपट्टी जागेवर होती, मुंबई जागेवर होती, अंतर तसूभरही वाढलं नव्हतं. तरी घर पुन्हा कोकण रेल्वेच्या एका रात्रीइतकं लांब गेलं. नाहीतर गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरा आणि सीमा ओलांडून या.

नवा विमानतळ झाला की फलकांवर किलोमीटर आणि मिनिटं झळकतात. वेग हा आपला प्रश्नच नाही. आपल्या छोट्या धावपट्ट्यांवर उतरणारं एटीआर विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जातं. प्रश्न आहे तो, ते उद्या आहे का, याचा. अमरावतीहून मुंबईची सेवा १६ एप्रिल २०२५ला सुरू झाली, तीही आठवड्यातून तीनच दिवस. ज्याला चौथ्या दिवशी निघायचंय, त्याने पावणेदोन तासांचं कौतुक काय करायचं? तो रात्रीच्या रेल्वेतच बसणार.

‘उडान’ची रचना साधी आहे. विमानातल्या काही जागांचं भाडं बांधून द्यायचं आणि कंपनीची तूट सरकारने भरायची, पण तीनच वर्षं. त्यानंतर मार्गाने स्वतःच्या पायावर उभं राहायचं. किती राहिले? कॅगने २०२३च्या अहवालात मोजून दाखवलं. पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग दिले गेले, त्यांतले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली. मुदतीनंतर, मार्च २०२३पर्यंत टिकले ते ५४. दिलेल्या शंभरात सात!

याउलट उदाहरण स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांवर आहे. तिथे वेस्टरे ते पापा वेस्टरे हे जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण आहे. अंतर तीन किलोमीटरही नाही, वेळापत्रकात दोन मिनिटं. पापा वेस्टरेची वस्ती शंभराच्याही आत. तरी ही सेवा १९६७पासून चालू आहे. शिक्षक तिने जातात, रुग्ण तिने जातात. तिथली परिषद तिच्यासाठी पैसे मोजते, कारण परिषदेच्या लेखी ही सेवा म्हणजे बेटाचा रस्ता आहे. रस्त्याला कुणी तीन वर्षांत नफा दाखवायला सांगत नाही.

हे आपल्याला परकं नाही. आपल्याकडे मुक्कामाची एसटी आहे. रात्री शेवटच्या गावी जाते, तिथेच थांबते आणि पहाटे निघते. चारच उतारू असले तरी निघते. तिच्या भरवशावर गावातली मुलं तालुक्याला शिकली आणि दूध, भाजी बाजारात पोचली. गाव जवळ आलं ते एसटीच्या वेगाने नाही, ती पहाटे येणारच या खात्रीने.

म्हणून पुढच्या विमानतळाच्या उद्घाटनाला मिनिटं सांगू नका. चौथ्या वर्षीही विमान येईल, आणि त्याचे पैसे कोण भरणार आहे, एवढं लेखी द्या.