अधूनमधूनच्या बिघाडास अनावृत पत्र

राजमान्य राजश्री अधूनमधून बिघाड, मुक्काम आमच्या मोटारीचे अंतरंग, यांसी साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपला-आमचा परिचय गेल्या आषाढापासूनचा असूनही आपले समक्ष दर्शन आजवर घडले नाही, आणि ज्याच्या दर्शनासाठी दोन मिस्त्री, एक वायरमन व आमच्या कुटुंबाचे मामेबंधू यांनी पाळीपाळीने बॉनेटखाली मस्तक नमविले, त्याला पत्राने गाठू पाहणे हे हास्यास्पद होय, हे मीही जाणतो. परंतु ज्या प्रतिवादीवर समन्स बजावता येत नाही, त्याच्या नावे वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देण्याची वहिवाट न्यायालयांतही आहे, त्या आधारावर हा मजकूर प्रसिद्ध करीत आहे.

१९६८ सालची ही मोटार तीर्थरूपांच्या पश्चात वारसाहक्काने माझ्याकडे आली. ती चालते यापेक्षा ती आहे याचाच मला अभिमान, आणि नेमके हे मर्मस्थान आपण कसे हेरले याचे आश्चर्य वाटते. कचेरीस जाण्याच्या वेळी किल्ली फिरवावी, आतून ‘टक्’ असा एकच, एखाद्या अनिच्छुक साक्षीदाराच्या हुंकारासारखा आवाज यावा, सेल्फने मौन धरावे, समोरचे दिवे मात्र दिवाळीसारखे लख्ख तेवत राहावेत, आणि हताश होऊन मी रिक्षा ठरवून परत येतो तोच त्याच किल्लीने त्याच इंजिनाने जणू काही घडलेच नाही अशा सौजन्याने सुरू व्हावे, हा आपला नित्यक्रम. वायरमन आला की आपण फरारी. त्याच्यासमक्ष गाडी लागोपाठ अकरा वेळा सुरू झाली आणि त्याने हात पुसत, ज्या स्वरात डॉक्टर वृद्ध सासूबाईंच्या छातीतील धडधडीविषयी बोलतात त्या स्वरात, ‘साहेब, गाडीला काही झालेलं नाही’ असे सांगितले. काही झाले असेल तर ते साहेबांना, हा उर्वरित मजकूर त्याने डोळ्यांनी पुरविला.

मग व्हायचे तेच झाले. आरोपी सापडत नाही तेव्हा आवारात जो दिसेल त्याला धरावे, या पुरातन पोलिसी न्यायाने प्रथम बॅटरीला अटक झाली. नवी बॅटरी बसविली आणि आठ दिवस आपण गैरहजर राहिलात. मिस्त्रीची मान उंचावली. नवव्या दिवशी आपण पुन्हा रुजू झालात. सेल्फ उतरवून त्याचे कार्बन बदलले, तेव्हा पंधरवडा शांततेत गेला. मधल्या काळात कधी शेजारच्या मुलांनी धक्का मारला, आणि त्या धक्क्यानेही दोन-तीन दिवस गुण आला, तेव्हा आमच्या आळीत मुलांच्या हाताला यश असल्याची वदंता पसरली. प्रत्येक उपाय काही काळ लागू पडत होता, ही या प्रकरणातील सर्वांत मोठी फसवणूक. उपाय मुळीच लागू पडला नसता तर निदान तो टाकून तरी दिला असता. गावच्या भगताची कीर्तीही बहुधा अशाच मुदतीच्या तापांवर पोसली जात असावी.

आमच्या सौभाग्यवतींनी मात्र फार पूर्वी एक जबानी दिली होती, आणि ती मी दप्तरी दाखल करून घेतली नाही, हे येथे जाहीरपणे कबूल केले पाहिजे. सेल्फ लागत नाही त्या दिवशी चोकची दांडी गरम लागते, असे त्यांचे म्हणणे होते. चोक म्हणजे एक निरुपद्रवी तार. तिच्यातून वीज जात नाही, तेव्हा ती तापण्याचे कारण नाही, असा निकाल मी त्यांना शास्त्रीय परिभाषेत ऐकविला. मार्गशीर्षातील एका पहाटे मी आठ-दहा वेळा किल्ली दाबून धरली आणि त्या निरुपद्रवी तारेच्या वेष्टनातून धूर निघाला. निकाल अपिलात फिरविण्याची वेळ आली.

त्याच दिवशी, हात थरथरतात म्हणून धंद्यातून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध वायरमन मी घरून घेऊन आलो. त्यांनी चोकची जळकी तार पाहिली, काहीच उघडले नाही, आणि म्हणाले, ‘हिला अर्थ मिळत नाही.’ महिन्याच्या पंचविसाव्या तारखेस उच्चारलेले हे वाक्य मी प्रथम गाडीच्या मालकाविषयीचेच समजलो.

त्यांनी जे समजावून दिले त्याचा इत्यर्थ आपणांस सांगणे म्हणजे चोरास त्याच्याच घराचा नकाशा दाखविणे होय. तरी वाचकांसाठी लिहितो. मोटारीत वीज तारेने जाते, पण येते ती पत्र्यातून: परतीची तांब्याची तार वाचावी म्हणून बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असते (हाच वायरमनांचा ‘अर्थ’) आणि प्रत्येक दिवा, प्रत्येक यंत्र आपला प्रवाह त्या सामायिक अंगात सोडून देते. सेल्फ हा इंजिनाला जखडलेला, म्हणून त्याची वीज परतते ती इंजिनाच्या देहातून. परंतु हादरे बसू नयेत यासाठी इंजिन रबराच्या गाद्यांवर बसविलेले, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते एक बेटच, आणि त्या बेटावरून मुख्यभूमीस येणारा सेतू एकच: बोटभर रुंदीची, विणलेल्या तांब्याची एक पट्टी. ती रुसली की सेल्फकडे गेलेल्या विजेला राजरस्ता उरत नाही, आणि मग ती चोकच्या तारेसारख्या पायवाटेने घरी परतू पाहते. आमच्या साऱ्या तपासनिसांनी आवकेची बारनिशी पानापानाने तपासली होती. जावकेची कोणी उघडलीच नव्हती.

हे कोणाच्या लक्षात का आले नाही, याचे उत्तर तर आपल्या कावेबाजपणाचा कळसच. वायरमनचा टेस्ट लॅम्प ५ वॉटचा. त्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. जोडात ओहमच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा अडथळा असला तरी त्या दिव्याच्या वाट्याचा एक शतांश व्होल्टदेखील कमी होत नाही, आणि दिवा प्रसन्नपणे प्रकाशून ‘सर्व क्षेम’ असा दाखला देतो. त्याच जोडातून सेल्फ दीडशे अँपिअर मागू लागला की १२ पैकी ३ व्होल्ट वाटेतच गडप होतात. आणि पट्टी आणखी सुटली की सेल्फला मागणे मागण्याइतकेही त्राण उरत नाही, केवळ ‘टक्’ होते. बॅटरी मेली असती तर दिवे मंदावले असते. ते लख्ख राहिले, म्हणजे बॅटरी निर्दोष असल्याची ग्वाही पहिल्याच दिवशी माझ्या डोळ्यांसमोर तेवत होती, आणि मी तिच्याच उजेडात नव्या बॅटरीचे पैसे मोजले. विद्युत्प्रवाहाचा हा हिशेब जॉर्ज ओहम नावाच्या एका जर्मन शाळामास्तराने १८२७ मध्येच छापून ठेवला होता; त्याच्या देशबांधवांनीही त्याचे प्रथम फारसे कौतुक केले नाही, तेव्हा आमच्या आळीस दोष देण्यात हशील नाही.

वृद्ध वायरमननी मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकास, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडास लावली आणि मला सेल्फ मारावयास सांगितले. काटा पाव व्होल्टच्या आत राहावयास हवा होता. तो ३ व्होल्टच्याही पुढे गेला. बस्स, एवढाच पंचनामा. पट्टीचे एक टोक सेल्फशेजारच्या बोल्टखाली आणि दुसरे बॅटरीच्या पेटीखाली दडलेले. म्हणजे सेल्फ उतरविताना, बॅटरी बदलताना, इतकेच नव्हे तर धक्क्याने इंजिन गादीवर डुलतानाही तिला नकळत हिसका बसत होता आणि ती चार दिवस वठणीवर येत होती. मुलांच्या हाताला खरोखरच यश होते!

आता ती पट्टी रुसली कोणामुळे? बोल्ट खोलला, तेव्हा तिच्या टोकाखाली गंज दिसला, आणि गंजाखाली मोरपंखी रंग. तीन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नात नवरदेव आपल्याच गाडीतून मिरवावा या हौसेने मीच ती रंगवून घेतली होती, आणि ‘आतूनसुद्धा एक कोपरा सोडू नका’ असे फर्मान रंगाऱ्यास सोडले होते. त्याने तंतोतंत अंमल केला. रंगातून वीज जात नाही. तेव्हापासून सारा कारभार बोल्टच्या आट्यांवर चालला होता आणि दोन पावसाळ्यांनी त्या आट्याही खाल्ल्या. तेव्हा, महाराज, आपणांस ज्या घरात मी घुसखोर समजत होतो तेथे आपण माझ्याच सहीशिक्क्याच्या सनदेने राहत होता. याबद्दल दिलगिरी.

कानशीने पत्रा पांढरा केला, नवी पट्टी आवळली, वरून ग्रीस थापले. खर्च एका जेवणाहून कमी. त्यास तीन महिने झाले. हे पत्र लिहून पाकिटात घालणार, तोच काल संध्याकाळी देवळाच्या वळणावर चाक डावीकडे वळविताच हॉर्न आपण होऊन वाजू लागला आणि पालखीतले भोई दचकले. वृद्ध गृहस्थांना विचारले, तर म्हणाले, ‘आता हिला नको तिथे अर्थ लागतोय.’ हे आपले कोणी बंधू असल्यास त्यांचे नाव व राहण्याचे ठिकाण उलट टपाली कळवावे. सौभाग्यवतींची जबानी या खेपेस आधीच लिहून घेतली आहे.

लोभ आहेच, तो वृद्धिंगत न व्हावा, ही विज्ञापना.

आपला नम्र,
एक मोटारमालक