आतल्या मुलाची बालमजुरी

मोठ्या माणसांना लहान करून देण्याचा धंदा सध्या जोरात आहे. पुण्यात आहे, मुंबईत आहे आणि लखनौच्या गोमतीनगरातही आहे. रविवारी सकाळी हॉटेलच्या एसी हॉलमध्ये चाळिशी-पंचेचाळिशीतले बँकवाले, सॉफ्टवेअरवाले, एखादा पोट सुटलेला ठेकेदार असे सगळे गालिच्यावर मांडी घालून बसतात. म्हणजे ज्यांची मांडी बसते ते. हातात क्रेयॉन दिले जातात. मग सांगतात, तुमच्या आत सात वर्षांचं एक मूल रुसून बसलंय, त्याला डाव्या हाताने पत्र लिहा. लोक लिहितात, काही जण रडतातही. रडण्याला माझी हरकत नाही, पुष्कळांना त्याची गरज असते. पण जेवणाच्या सुट्टीआधी पडद्यावर शेवटची पाटी येते आणि खरा हिशेब उघडा पडतो: हे मूल जागं झालं की कल्पकता वाढते, टीम ऐकते, बढती मिळते.

म्हणजे रुसलेल्या पोराची समजूत काढायची, नाक पुसायचं आणि सोमवारी साडेनऊला कामाला जुंपायचं!

या देशात १९८६पासून बालमजुरीविरोधी कायदा आहे. २०१६च्या दुरुस्तीने तर १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच धंद्यात कामाला ठेवता येत नाही. आता आतलं मूल सात वर्षांचं, हे तर प्रशिक्षकच सांगतात. तेव्हा खटला भरायला जागा आहे. पण त्याच कायद्यात एक पळवाट ठेवलेली आहे. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत पोराने घरच्या धंद्यात हातभार लावलेला चालतो. आणि आपली बढती हा तर अगदीच घरचा धंदा. सुटलात.

आतल्या मुलाच्या या कल्पनेच्या आजोबांपैकी एक म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग. फ्रॉइडशी बिनसल्यावर हे गृहस्थ पार विस्कटले होते. तेव्हा लहानपणी आपण ठोकळ्यांची घरं बांधायचो हे त्यांना आठवलं, आणि वयाच्या अडतिशीच्या आसपास ते घराशेजारच्या तळ्याकाठी दगड गोळा करून चिमुकलं गाव बांधू लागले. जेवण झालं की बांधायला बसायचे आणि पेशंट आला की उठायचे. त्यांना याची लाजही वाटायची. या खेळाचं त्यांनी कोणाला बिल लावलं नाही, आणि यातून प्रॅक्टिस वाढेल असंही त्यांच्या मनात नव्हतं. क्रेयॉनवाले ही गोष्ट सांगतात, पण लाजेचा भाग गाळतात.

लखनौत आतलं मूल जागवण्याचा हा प्रयोग राजगादीवरही होऊन गेला आहे. वाजिद अली शाह १८४७ साली अवधच्या गादीवर बसला. आतलं मूल बाहेर काढायला त्याला कुठल्या शिबिराची गरज पडली नाही. रहस म्हणजे रासलीलेचं नाटक बसवायचा, त्यात स्वतः कृष्ण व्हायचा, ठुमऱ्या रचायचा, कैसरबागेत जोग्यांचा मेळा भरवून स्वतः जोगी होऊन फिरायचा. त्या वेळच्या वरिष्ठांनी, म्हणजे इंग्रज रेसिडेंट स्लीमनसाहेबांनी, १८४९-५०मध्ये राज्यभर दौरा केला आणि जो शेरा मारला तो आजच्या कुठल्याही ॲप्रेझलमध्ये शोभावा: राजा गाणाऱ्या-बजावणाऱ्यांत रमतो, कामात लक्ष नाही. फेब्रुवारी १८५६मध्ये कंपनीने राज्य ताब्यात घेतलं. (कंपन्यांची ही सवय जुनी आहे.) राजाने कागदावर सही करायला साफ नकार दिला, पण नोकरी गेलीच. मग कलकत्त्याच्या मटियाबुर्जला त्याने पुन्हा कबुतरं, पतंग, गाणं आणि मोठी थोरली प्राणिशाळा असा सगळा खेळ मांडला, तो १८८७मध्ये मरेपर्यंत.

आता खरं सांगायचं तर कंपनीला अवध हवंच होतं. राजा रात्रंदिवस फायली उपसत बसला असता तरी शेरा दुसरा आला असता, निकाल तोच. आतल्या मुलाने त्याचं करिअर बुडवलं नाही आणि वाचवलंही नाही.

बाकी लखनौकरांचं आतलं मूल वर्षातून एकदा फुकटात बाहेर येतं, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी. त्याला जमघट म्हणतात. आपण पाडव्याच्या ओवाळणीचा हिशेब करत असतो त्या सुमारास जुन्या चौक भागातल्या गच्च्या माणसांनी भरतात. आपल्या संक्रांतीचा पतंग तिथे दिवाळीला उडतो, नवाबी काळापासून. वर्षभर कचेरीत 'जी सर' करणारा गृहस्थ तर्जनीला चिकटपट्टी गुंडाळून उभा असतो. शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरशी पेच लागलाय. ढील, ढील, मग एक झटका, आणि 'वो काटा'ची आरोळी अशी की खालच्या गल्लीतली गाढवं झोपेतून उठावीत. चेहरा बघावा, आठ वर्षांचा.

आणि त्याच्या मागे खरोखरच आठ वर्षांचा एक जण उभा असतो. चक्री धरून.

हे पोरगं सकाळपासून तिथेच आहे. 'पापा, हम भी' असं त्याने चारदा म्हणून झालंय. लखनौ असल्यामुळे बापही पोराशी अदबीने बोलतो: 'बेटा, आप ज़रा चरखी ठीक से पकड़िए।' आदर पुरेपूर, दोर शून्य. आतल्या मुलाचा स्वभाव असा, की ते बाहेरच्या मुलाला पतंग देत नाही.

काहींचं आतलं मूल तर नुसतं हट्टी नसून वाह्यात असतं. जिंकायचंच म्हणून ते धातू मिसळलेला मांजा आणतं. तो मेट्रोच्या पंचवीस हजार व्होल्टच्या तारेवर पडला की गाड्या ठप्प. लखनौ मेट्रोने किती वेळा हात जोडले असतील! नायलॉनच्या मांजावर हरित लवादाने २०१७मध्ये देशभर बंदी घातली, तरी दुचाकीवाल्यांचे गळे चिरायचे थांबलेले नाहीत. तेव्हा प्रत्येक आतल्या मुलाला जागं करायलाच हवं असं नाही. काहींना झोपू द्यावं.

उरलेले दिवस बाहेरचं मूल काय करतं? याच शहरात सिटी माँटेसरी शाळा आहे. १९५९मध्ये पाच मुलांवर सुरू झाली, आज पन्नास हजारांवर मुलं, गिनेस बुकात नोंद. शाळा सुटली की क्लास, क्लास सुटला की टेस्ट. सहावीपासून 'फाउंडेशन', म्हणजे बारावीनंतरच्या परीक्षेचा पाया अकराव्या वर्षी खणायचा. लातूरकरांनी आणि पुणेकरांनी हसू नये, तुमच्याकडे खोदकाम आणखी खोल आहे. या पोरांचं लहानपण असं शिस्तीत आटपलं, की पंचेचाळिशीत ती गालिच्यावर बसून डाव्या हाताने पत्रं लिहिणार. धंद्याला पुढची तीस वर्षं गिऱ्हाईक कमी पडायचं नाही.

तेव्हा शिबिराची फी भरण्याआधी घरात एक चक्कर मारा. आतलं मूल सापडेल न सापडेल, बाहेरचं बहुधा गृहपाठ करत असेल. येत्या संक्रांतीला बरेलीचा सुती मांजा आणा, दोर त्याच्या हातात द्या आणि चक्री तुम्ही धरा. पतंग कटला तर शिकवायला जाऊ नका. त्या दिवशी त्याचा क्लास असेल तर बुडवा. सरांना चिठ्ठी मी लिहून देतो, उजव्या हाताने.