गच्चीवरचे बागायतदार

सातबारा नसलेला बागायतदार पाहायचा असेल तर पुण्यातल्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या गच्चीवर सकाळी सातच्या सुमारास जावं. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांची विजार, कानाला मफलर (याचा ऋतूशी संबंध नाही) आणि हातात कात्री. समोर मधोमध कापलेला निळा ड्रम आणि ड्रमात एक कागदी लिंबू. शिवार एवढंच, बोलणं मात्र पाच एकरांचं. लिफ्टमध्ये आपण सहज "काय म्हणताय?" विचारावं, तर उत्तर येतं, "यंदा हस्त बहार धरतोय." नव्या भाडेकरूला वाटतं, यांची श्रीगोंद्याकडे जमीन असणार.

हा गृहस्थ सहसा बँकेतून नाहीतर सरकारी खात्यातून निवृत्त झालेला असतो. आमच्या इमारतीतले बागायतदार पाटबंधारे खात्यातले. त्यामुळे ड्रमवर पाण्याच्या पाळ्यांचं वेळापत्रक प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटवलंय. खाली सही आहे. दिनांकही आहे.

त्यांचं रोप साई शरबती जातीचं, थेट राहुरीच्या कृषी विद्यापीठातून आणलेलं. हे ते ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. हातगाडीवरून रोप घेणाऱ्यांशी बोलतात, पण जपून. कुणी वीतभर उंचीचं, वर पिवळंधमक लिंबू लटकलेलं रोप कौतुकानं दाखवायला आणलं, तर ते लिंबाकडे बघतच नाहीत. वाकून बुंधा बघतात. "डोळा कुठं भरलाय?" समोरचा आपले डोळे चोळतो. मग प्रवचन सुरू होतं. कागदी लिंबू बियांपासून केलं तरी आईवर जातं, फक्त फळाला चार-पाच वर्षं थांबायची तयारी हवी. संत्र्या-मोसंबीचं तसं नाही. तिथं खाली जंबेरीचा नाहीतर रंगपूरचा खुंट असतो आणि वर डोळा बांधलेला. खुंटाला फूट आली की ताबडतोब काढायची.

तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी ती काढली नाही. झाड जोमानं वाढलं, फळं धरली. जाड सालीची, खडबडीत, भयंकर आंबट. काकू ती 'घरची मोसंबी' म्हणून वाटत राहिल्या आणि शेजारधर्म म्हणून सगळे डोळे मिटून खात राहिले. बागायतदार एकदा झाड बघायला गेले, बुंध्यापाशी उकिडवे बसले, उठून हात झटकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मोसंबी केव्हाच गेली, वहिनी. हा खुंट आहे." काकूंना क्षणभर चहा विचारावा की नको, ते कळेना.

घरात मात्र त्यांचं फारसं चालत नाही. पावसाळ्यात पानांवर खैऱ्याचे खरबरीत तपकिरी ठिपके आले की ते बोर्डो मिश्रण करायला बसतात. एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम मोरचूद, दहा ग्रॅम चुना. वजनाला स्वयंपाकघरातला काटा. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, प्लास्टिकच्याच बादलीत, आणि मग एकत्र करायचं. मिश्रण जमलं की नाही हे बघायला त्यात लोखंडी पातं बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. शास्त्र बिनचूक आहे. पातं बायकोच्या भाजीच्या सुरीचं होतं. त्या संध्याकाळी बागायतदार बराच वेळ गच्चीवरच होते.

दुसरा तंटा नातीशी. लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी एक अळी येते. मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचलं की डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडते. बागायतदारांच्या लेखी ती शत्रू. नातीच्या लेखी ते उद्याचं फुलपाखरू, आणि ते खरंही आहे. शेवटी तह झाला. पूर्वेकडची एक फांदी अळ्यांना तोडून दिली. अळ्यांना हद्द कळत नाही, म्हणून रोज सकाळी आजोबा चिमट्यानं त्यांचं पुनर्वसन करतात. धरणाच्या खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला पुनर्वसन इतकं मनापासून करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यांचा खरा कस लागतो तो ताण देताना. लिंबाला फुलं हवी असतील तर आधी पाणी तोडावं लागतं. झाड जरा सुकतं, पानं गळतात, मग खत-पाणी दिलं की बहार फुटतो. हस्त बहाराची फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात आणि फळ उन्हाळ्यात, म्हणजे भाव चढलेला असताना हाती लागतं. भर पावसात ताण द्यायचा म्हणजे शेतकऱ्यालाही कठीण. बागायतदारांनी २०२१ साली ड्रमावर पत्र्याचं छप्पर घातलं, पाळ्या बंद केल्या आणि वाट पाहू लागले. पानं जराशी मलूल व्हायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा टवटवीत. पुस्तकं पुन्हा वाचली. मातीत बोट खुपसून पाहिलं. ओल कुठून येते कळेना. अखेर एका दुपारी गच्ची झाडणाऱ्या मावशी बादली घेऊन आलेल्या सापडल्या. "काका, तुम्ही हल्ली इसरताय पाणी घालायला. मी घालते की रोज. जीव आहे त्याला."

मावशींवर रागावणं शक्यच नव्हतं. बागायतदारांनी वेळापत्रकावर 'अनधिकृत उपसा' असा शेरा मारला आणि छप्पर काढून ठेवलं. पुढच्या एप्रिलात लिंबू दहा-पंधरा रुपयांना एक झालं, वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आलं, आणि त्यांच्या झाडावर होती ती फक्त पानं. उत्तम पानं. त्या महिन्यात ते लिफ्टऐवजी जिन्यानं जात होते.

थट्टा सोडली तर एका गोष्टीत हा माणूस सोसायटीत सगळ्यांत शहाणा आहे. कुणाच्याही कुंडीतलं लिंबू पिवळं पडलं की लोक खताची पिशवी घेऊन धावतात. तो आधी कुंडीच्या तळाचं भोक मोकळं आहे का ते बघतो. लिंबाची मुळं चिखलात कुजतात, आणि बुंध्यापाशी पाणी साचलं की सालीतून डिंक गळू लागतो. शहरातली बरीच लिंबं तहानेनं मरत नाहीत, ती मायेनं मरतात.

तेव्हा तुम्हाला लिंबू लावायचंच असेल तर रोप घ्यायला तुमच्या इमारतीतल्या बागायतदारांना बरोबर न्या. सहा तास ऊन लागेल अशी जागा त्यांनाच निवडू द्या. त्यांच्या घरी सरबतही आग्रहानं मिळेल. त्यातलं लिंबू मंडईतलं असेल, झाडावरची मोजून ठेवलेली आहेत.